विमानातल्या दोन टाळ्या

मी शाळेत दोनच दिवस गेलो. पहिल्या दिवशी मास्तर आले नाई, अन् दुसऱ्या दिवशी मास्तर आले मनून मी पळून आलो. बाकीचं शिक्षन भट्टीवर झालं. लग्नाचा आचारी आहो मी. चंद्रपूरकडं मूल नावाचं गाव आहे, त्याच्या पुढं जंगलाले लागून गाव आहे आमचं, अन् आजूबाजूच्या गावात कुठी बी मांडव पडला का माही कढई तिथी पोचते. हे बी मी हातानं नाई लिहून राह्यलो. मोबाईलले सांगतो अन् तो लिहिते. त्याले माही बोली धड समजत नाई. काही उलटंसुलटं उमटलं असन तं त्याले शिव्या द्या.

भात एकदा चुलीवर चढला का आचाऱ्याच्या हाताले काम नसते. मंग तोंड चालते. कांदे कापनाऱ्या बाया, लाकडं आननारे लोक, जेवन कवा होते विचाराले आलेले बुढे, सगळे भट्टीभोवती बसतेत अन् मी त्याईले हसवतो. एकदा मोहाच्या झाडाखाली अस्वल आलं मनून मी झाडावर चढलो, अन् खाली पाह्यलं तं माहा सासरा काळं घोंगडं पांघरून उभा. उतराले लाज वाटली मनून तो जाईपर्यंत वरच बसून राह्यलो. बुढा खाली बिडी पेत बसला, एक झाली का दुसरी. एकदा दोन मांडवाचं जेवन एकाच दिवशी घेतलं अन् नवरदेवाच्या मांडवात बारशाचं गोड पाठवलं. हे असं. माहा कायदाच होता, का हसवाचं तं स्वतःवर. दुसऱ्यावर हसवलं का मांडवात भांडन लागते, अन् भांडन लागलं का जेवन थंडं होते.

हा कायदा मी एकदाच मोडला. बायकोवर मोडला.

पोरगी आमची एकच. चंद्रपूरले शिकली, मंग बंगलोरले कम्प्युटरच्या कामाले लागली, तिथीच लगन केलं. जावई चांगला आहे, पुन्याकडचा आहे, माह्याशी बोलताना अर्धं समजते त्याले, अर्ध्यावर हसून देते. लग्नानंतर पोरीनं आमाले विमानाची दोन तिकिटं पाठवली. नागपूरवरून बंगलोर. "बाबा, दोन तासाचं काम आहे, बसायचं अन् उतरायचं," म्हने.

बायकोनं आठ दिवस आधी बॅग भरली. जवसाची चटनी, मोहाचे लाडू, नवे तांदूळ. मी काय भरलं? खर्रा. आमच्या इकडं सुपारी, तंबाखू अन् चुना घोटून पन्नीत बांधून देतेत, त्याले खर्रा म्हनतेत. तो नसला तं मले सकाळी स्वतःचं नाव आठवत नाई. विमानतळावरच्या पोलिसानं माही माचीस काढली. खर्रा मोज्यात होता, तो सापडला नाई. मी लय खूश. वाटलं, सरकारले हरवलं.

आता विमानात तीन-तीन खुर्च्या असतेत. खिडकीची खुर्ची बायकोची होती, तिकिटावर तसंच होतं, विमानात काम करनारी पोरगी तिकीट पाहून तसंच म्हनली. पन मले काहीतरी पकडाले पाहिजेन होतं, मनून मी खिडकीले जाऊन चिपकलो. बायको मधात बसली. तिच्या त्या बाजूले पांढऱ्या शर्टचा एक मानूस, मोठा साहेब असन, मांडीवर कम्प्युटर घेऊन.

विमान वर गेलं अन् भ्यानं मी खर्रा तोंडात टाकला. टाकल्यावर समजलं का थुकाचं कुठी. खिडकी उघडत नाई. खाली गालिचा. पुढच्या खुर्चीच्या खिशात कागदाची पिशवी होती, पन ती पिशवी कायची आहे ते मले माहीत नव्हतं, वाटलं साहेबाची नाश्त्याची असन. मंग गालात तसाच धरून बसलो. दोन तास. भाऊ, दोन तास तोंड फुगवून बसलो मी, अन् ती विमानातली पोरगी दोनदा विचारून गेली का पानी पाहिजेन का. मी मान हालवत होतो.

बायको भ्यायली नाई. ती माह्या खांद्यावरून बाहेर पाहत होती. "खाली जंगल दिसते का पाहा ना," म्हने. मी कायचं पाहतो. मी डोळे मिटून होतो.

आता आमच्या गावच्या बायाईचं एक सांगतो, नाई तं पुढचं समजनार नाई.

मार्च-एप्रिलात मोह पडते. पहाटं आठ-दहा बाया टोपले घेऊन जंगलात जातेत, अन् ज्या त्या आपापल्या झाडाखाली पांगतेत. वाकून फुलं वेचाची असतेत. वाकलेली बाई मांगून वाघाले जनावरासारखी दिसते, असं म्हनतेत. जंगलात एकमेकीले नाव घेऊन हाक मारत नाई. चांगलं नसते ते. मंग परत येताना जी बाई डांबरी रोडवर पोचली ती टोपलं खाली ठेवते अन् दोन टाळ्या वाजवते. मांगून येनारी ऐकते, तिले समजते रोड इकडं आहे. ती पोचली का ती बी दोन वाजवते. आधी आलेल्या तिले जबाब देतेत, दोन टाळ्या. सगळ्याईच्या टाळ्या जुळल्या तरच गावाकडं निंघाचं. एका सालाले एकीची टाळी आली नव्हती. तवापासून हे कोनी शिकवत नाई, पोरी आपोआप शिकतेत.

माही बायको लग्न होऊन आली तवापासून हे करते. तिची टाळी म्हनजे कोरडं लाकूड फुटल्यासारखी. मी गावातून ऐकली आहे.

तं विमान खाली आलं. चाकं टेकले अन् असा दनका बसला का माहा अर्धा खर्रा पोटात गेला. विमान धावून धावून हळू झालं. सगळे चूप. पट्टे सुटाचा आवाज. अन् त्या चूपमधी बायकोनं दोन टाळ्या वाजवल्या.

मंग थांबली. जबाबाची वाट पाहत होती.

पुढच्या रांगेतले लोक वळले. बाजूच्या दोन पोरी तोंडावर हात ठेवून हसाले लागल्या. एकानं मोबाईल वर केला. बायकोले वाटलं असन का ऐकू गेलं नाई, तिनं अजून दोन वाजवल्या. अन् माह्याकडं पाह्यलं.

मले समजलं होतं. त्या पूर्न विमानात मी एकटाच होतो ज्याले समजलं होतं का ही काय करून राह्यली. सगळे सुखरूप बाहेर आलो, मी आली, तुमी आले का, असं विचारून राह्यली ती. माहे दोन्ही हात मोकळे होते.

पांढऱ्या शर्टचा मानूस तिच्यावरून वाकला अन् मले हिंदीत विचारलं, "आपके साथ हैं क्या?"

मी मान हालवली. नाई म्हनून.

तोंडात खर्रा होता, बोलता येत नव्हतं, असं मी स्वतःले लय दिवस सांगितलं. पन मान दोन्हीकडं हालते ना भाऊ. खालीवर बी हालते.

मंग मी खिडकीतून बाहेर पाह्यलं. दोन तास नाई पाह्यलं, तवा पाह्यलं. बाहेर एक ट्रॅक्टर बॅगा घेऊन जाऊन राह्यला होता. मी त्या ट्रॅक्टरकडं असा पाहत बसलो का जसा मले तो विकत घ्याचा आहे.

उतरताना ती माह्यासोबत नाई आली. मांगं राह्यली. मले वाटलं रुसली. तसं नव्हतं. तो पांढऱ्या शर्टचा मानूस माह्या पुढंच चालत होता, अन् ती पाच-सहा पावलं मांगून, जशी कोनी वेगळीच बाई. बॅगा फिरत येतेत तिथी बी ती दुसऱ्या टोकाले उभी राह्यली. आपली बॅग तिनं स्वतः ओढून काढली, ती तांदळाची भारी बॅग. मी हात नाई लावला. तो मानूस टॅक्सीत बसून गेला, तवा ती माह्याजवळ आली अन् म्हने, "चला, पोरगी वाट पाहून राह्यली असन."

माहं खोटं उघडं पडू नये मनून ती तेवढा वेळ परकी होऊन राह्यली. हे मले तिथी नाई समजलं. तिथी मले बरं वाटलं, का चला, निपटलं.

परत आल्यावर पहिलंच लगन सावली गावाकडं होतं. भट्टीवर माहा एक जोडीदार आहे, पुऱ्या तो तळते, भांड्याची गाडी बी त्याचीच. त्यानं विचारलं, "काय भाऊ, विमान कसं होतं?" सगळ्या बाया कांदे सोडून पाहाले लागल्या. मी खर्र्याची गोष्ट सांगितली. हसले, पन थोडसेच. खर्रा सगळेच खातेत, त्यात नवीन काय. मले ते पुरलं नाई. हसनं बी खर्र्यासारखं असते, एकदा सवय लागली का थोडसं चालत नाई.

मंग माह्या तोंडातून निंघालं, "अन् माह्या बायकोनं काय केलं माहीत आहे का?"

भाऊ, काय हसले लोक. एका बाईच्या हातून विळी पडली. जोडीदारानं पुरी जाळली. इतक्या सालात माह्या कोनत्याच गोष्टीवर असा हशा नाई आला. दुसऱ्या मांडवात मी थोडं वाढवलं, का ती उभी राह्यली अन् म्हने, "वा रे डायवर, एक खड्डा नाई लागू देल्ला!" तिसऱ्या मांडवात ती डायवरले मोहाचा लाडू द्याले गेली. चौथ्यात तिनं साहेबाले बी टाळ्या वाजवाले लावलं. अन् मी त्या गोष्टीत कुठी होतो? मी डोक्याले हात लावून बसलेला, शहाना मानूस. आयुष्यात पहिल्यांदा माह्या गोष्टीत मी शहाना होतो.

"भाऊ, विमानवाली सांग ना," लोक म्हनाचे. भात चढला का विमानवाली. पूर्न सीझन चालली ती. गोष्ट माह्या पुढं पळाले लागली. मी ज्या गावात पहिल्यांदा जाऊन राह्यलो तिथी ती आधीच पोचलेली.

उन्हाळ्यात बायको मूलच्या बाजारात गेली होती. ऑटोतून उतरली तं तिकडं भाजी घेऊन बसलेल्या दोन बायाईनं टाळ्या वाजवल्या. "आली वो विमानवाली," म्हने. त्या बाया वळखीच्या बी नव्हत्या. तिनं जाऊन विचारलं, अन् त्या बाईनं बिचारीनं सगळी गोष्ट सांगितली, हसत हसत, लाडवासकट. कांदे अर्धा किलो जास्तीचे टाकले वरून.

घरी आली अन् पिशवी ठेवली. मी खाटेवर पडलो होतो.

"मी उभी कवा राह्यली वो?" तिनं विचारलं.

मी उठून बसलो. "कायची उभी?"

"विमानात. डायवरले मी काय म्हनलं?"

"अवो, ते असंच. लोकाईले हसवाले."

"लाडू कवा देल्ला?"

मी खाटेखाली चपला शोधाले लागलो.

"अन् तुमी काय केलं, ते नाई सांगितलं काऊन? ते सांगत जा ना. त्यात बी हसाचं आहे."

तिचा आवाज वर नाई गेला. कांदे टोपल्यात काढले अन् भाजी कराले बसली. मी वाट पाहून राह्यलो का अजून काही म्हनन. म्हनलं असतं तं मी बी काही म्हनलं असतं, भांडन झालं असतं, मिटलं असतं. पन तिनं मले भांडन नाई देल्लं.

मी भट्टीवर ती गोष्ट सांगनं बंद केलं. मले वाटलं झालं आता. पन पुढच्या मोहाच्या टाईमले एका सकाळी मी सायकलनं रोडकडं गेलो, तिचं टोपलं आनाले. झाडीतून बाया निंघत होत्या. एकीनं दोन टाळ्या वाजवल्या अन् मांगून एक नवी सून म्हने, "विमान उतरलं वो!" सगळ्या हसल्या. बायको शेवटी आली. टोपलं ठेवलं. टाळी नाई वाजवली. पदरानं तोंड पुसलं अन् बायाईत जाऊन उभी राह्यली. एका म्हाताऱ्या बाईनं बोटावर मोजलं, मंग निंघाले. मी सायकल धरून तिथीच उभा. हे वाघापासून वाचाचं काम होतं, अन् मी त्याचा तमाशा करून ठेवला.

त्याच साली पोरीले दिवस गेले.

पहिलं बाळंतपन माहेरी, असं आमच्यात असते. पन डॉक्टरनं तिले प्रवास मना केला, काहीतरी रक्ताच्या दाबाचं होतं. मनून मायनं तिकडं जाव असं ठरलं. पोरगी रोज फोनवर. "आई, तू पाहिजे मले. आत नेतील तवा तू पाहिजे. तिकीट पाठवतो, विमानानं ये."

"मले विमान सोसत नाई वो," बायको म्हने. "मागच्या टाईमले डोकं गरगरलं होतं. ट्रेननं येतो."

काही डोकं गरगरलं नव्हतं. मी तिथीच बसलो होतो. मले वाटलं आता बोलाव. मी म्हनलं, "चाय ठेव ना वो."

बाळंतपनाच्या तारखेच्या दहा दिवस आधीचं ट्रेनचं रिझर्वेशन केलं, बल्लारपूरवरून. पन ट्रेनचा दिवस यायच्या आधीच एका सकाळी जावयाचा फोन आला. दाब वाढला आहे, डॉक्टर थांबत नाई म्हनते, आजच संध्याकाळी ऑपरेशन. "बाबा, दुपारचं नागपूरचं विमान आहे. मी तिकीट काढतो. आई चार वाजेपर्यंत इथं पोचतील."

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. बायको अंगनात उभी, हाताले पीठ.

"ट्रेननं येतो," ती म्हने.

"आई, ट्रेन उद्या सकाळी पोचेल."

"येतो मी. तिले सांगा, निंघाली."

मी फोन बंद केला अन् तिच्या पाया पडाचा बाकी राह्यलो. म्हनलं, "अवो, पोरगी आत जाऊन राह्यली. आजच्या दिवस बस. मी हात जोडतो."

"तुमी जा विमानानं," म्हने. "तुमाले कोनी हसत नाई."

"तुले बी नाई हसनार कोनी. तिथी कोन ओळखते?"

"तिथी बी कोनी ओळखत नव्हतं. ओळखनारा एकच होता."

ती आत गेली, हात धुतले, लुगडं बदललं. पोरीसाठी जीव तुटून राह्यला होता तिचा, ते दिसत होतं. तरी तिच्यानं त्या विमानात बसनं होत नव्हतं. एखाद्याले वाटन, एवढ्याशा टाळीसाठी काय वो. मले नाई वाटलं. ते एवढंसं मीच चार मांडव फिरवून एवढं मोठं केलं होतं.

जोडीदारानं भांड्याच्या गाडीत बल्लारपूरले सोडलं. कढईच्या बाजूले बसून गेलो. ट्रेनमधी जागा नव्हती, दरवाज्याजवळ उभं राह्यलो. तिनं मोबाईल दोन्ही हातात धरला होता, जसा दिवा विझू नये मनून धरतेत.

नदीचा पूल गेला, तेलंगनाचं जंगल लागलं. ऊन उतरून राह्यलं होतं. तवा फोन वाजला. जावई म्हने, "आई, तिला आत नेताहेत. बोला."

मंग पोरीचा आवाज. "आई, कुठी आहे तू? आली का?"

"आलीच," बायको म्हने. "आलीच मी, बाई. पोचलीच."

"खाली आहे का? दवाखान्यात आली का? ये ना वो आई, मले भेव लागून राह्यलं."

"हाव, आलीच…"

अन् नेटवर्क गेलं.

ती हॅलो हॅलो करत राह्यली. गाडीच्या आवाजावरून ओरडत राह्यली. फोन वर केला, दरवाज्यातून बाहेर धरला, मले पकडा म्हने, अन् मी तिचा दंड पकडून ठेवला अन् ती बाहेर वाकून फोन धरून राह्यली. लोक पाहत होते. कोनी हसलं नाई. झाडंच झाडं. मले वाटलं, ही आपल्या पोरीले खोटं बोलली, का मी खाली आहो. अन् पोरगी आत जाताना दरवाज्याकडं पाहत असन.

स्टेशन आलं तवा नेटवर्क आलं. जावयाचा मेसेज होता, एका मानसानं वाचून देल्ला. मुलगी झाली, दोघी चांगल्या आहेत. बायको तिथीच खाली बसली, लोकाईच्या चपला होत्या तिथी. रडली. आनंदानं रडली का कशानं, मी विचारलं नाई. मी तिच्या बाजूले बसलो तं ती थोडशी सरकली. जागा देल्ली का दूर झाली, ते बी समजलं नाई.

सकाळी दवाखान्यात पोचलो. पोरगी पांढरी पडली होती. मायले पाह्यलं अन् तोंड फिरवलं, मंग परत पाह्यलं. नात पाळन्यात, मुठी वळून झोपलेली. बायकोनं आधी पोरीच्या केसाले हात लावला, मंग बाळाले.

"तू तं म्हनली, आलीच," पोरगी म्हने. "मी सिस्टरले म्हनलं, माही आई खाली आहे, तिले बोलवा. ते म्हने कोनी नाई खाली."

बायकोनं तिची चादर वर ओढली.

"विमानानं आली असती तं इथी असती ना वो तू. दोन तासाचं काम होतं."

"मले सोसत नाई बाई ते."

मले नाई राहवलं. मी म्हनलं, "तिले सोसते. तिनं कवा उलटी बी नाई केली. माह्यामुळं नाई आली ती." अन् मी सगळं सांगितलं. पलंगाच्या पायाशी उभा राहून सांगितलं. खिडकी, खर्रा, टाळ्या, तो पांढरा शर्ट, माही मान. मंग भट्टी, डायवर, लाडू, बाजारातल्या बाया. पन मले नीट सांगता येते कुठी? इतक्या सालाची जीभ आहे, ती आपोआप तशीच वळते. खर्र्याच्या जागी मी गाल फुगवला. ट्रॅक्टरच्या जागी थांबलो, जसा भट्टीवर थांबतो. मलेच ऐकू येऊन राह्यलं होतं का हे गमतीसारखं निंघून राह्यलं.

पोरीनं मायकडं पाह्यलं. "आई, खरं हे?"

बायको बाळाचं दुपटं नीट करून राह्यली होती. वर बी नाई पाह्यलं तिनं. म्हने, "तुह्या बापाले ओळखत नाई का तू? कशाची बी गोष्ट करतेत. मले सोसत नाई ते सांगाले त्याईले लाज वाटते, मनून सगळं आपल्यावर घेऊन राह्यले."

पोरीचं तोंड सैल झालं. हसली. पोटावर हात ठेवून हसली. "बाबा, हसवू नका ना, टाके दुखतेत."

आता तिथी मी काय करू? खरं सांगितलं तं गंमत झाली. मी बी हसलो. हसाची सवय आहे.

थोड्या वेळानं बायको बाहेर आली, थर्मास घेऊन, मी बाकावर बसलो होतो. म्हनलं, "काऊन असं केलं? मी खरं सांगून राह्यलो होतो. तू मले वाचवलं."

"तुमाले नाई वाचवलं," म्हने. "तिची अजून जखम ओली आहे. आज तिच्या डोक्यात हे कायले टाकता? का बापानं मायले असं केलं मनून माय नाई आली. तिनं ते कुठी ठेवाव?"

"मंग मी कोनाले सांगू? माह्या पोटात राहत नाई ते."

तिनं दोन कपात चाय ओतली अन् थर्मास बाकावर ठेवला. "लोकाईले सांगितलं. आता पोरीले सांगितलं. मले कवा सांगितलं तुमी?"

मी आठवून पाह्यलं. खरंच नव्हतं सांगितलं. दोन सालं होत आले होते.

ती बाजूले बसली. लोक जाऊन-येऊन राह्यले होते. मी म्हनलं, "विमानात त्या मानसानं विचारलं, का तुमच्यासोबत आहे का. तं मी नाई म्हनलो."

"ते माहीत आहे. मी मधातच बसली होती," ती म्हने. "पुढचं सांगा."

मी तोंड उघडलं. भट्टीवर मले कवा अडकलं नाई. तुह्या टाळ्या मले समजल्या होत्या, चुकलो मी, एवढंच पुढचं होतं, ते येईच ना. ती बसून राह्यली, चाय थंडी होईपर्यंत, मंग बाळाचा आवाज आला तशी उठून आत गेली.

ती अजून तिकडंच आहे, नातीजवळ. मी रोज फोन करतो. बाळ काय करते, पोरगी जेवली का, सगळं बोलतो. पुढचं अजून नाई आलं.